‘वायर लीक मारता, भावोजी!’

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे मला नीट बोलता येईल. हा प्रकार कट्टा गावाच्या अख्ख्या बाजाराला माहीत आहे. एस.टी. स्टँडवरच्या भाजीवालीपासून सलूनवाल्यापर्यंत प्रत्येकाचा तो आपापल्या मसाल्यासकट सांगून झालाय. फक्त माझ्या तोंडून अजून कोणी ऐकलेला नाही. तेव्हा चहा सांगा, आणि ऐका.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मालवणात, कनिष्ठ महाविद्यालयात, बावीस वर्षं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येईल.

राहायला मी कट्ट्यापासून चारेक किलोमीटर आत. रोजच्या जाण्यायेण्यासाठी यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एक जुनी गाडी घेतली. पांढरी, पेट्रोलवर चालणारी. आधीचा मालक विजयदुर्गचा, त्यामुळे खारा वारा खाऊन खाऊन तळाला थोडी गंजलेली. पण इंजिन? शिवणाच्या मशीनसारखं! उन्हाळाभर मी त्या इंजिनाची एवढी तारीफ केली की स्टाफरूममध्ये लोक मला बघून वर्तमानपत्र तोंडापुढे धरू लागले.

आणि मग जुलै उजाडला.

पाऊस नसला की गाडी राजासारखी चालायची. पाऊस लागला की पहिल्या किलोमीटरातच गचके. धाड्‌ धाड्‌ असे नव्हेत, उचकी लागल्यासारखे. चढावर तर ती अशी हलायची की मागच्या सीटवरची छत्री पुढे यायची. पाऊस थांबला, ऊन पडलं, इंजिन तापलं, की पुन्हा गुणी बाळ!

आता आपल्याकडे एक मजा आहे. माणूस आजारी पडला तर दोन सल्ले येतात, गाडी आजारी पडली तर बावीस. एकजण म्हणाला, एअर फिल्टर. दुसरा म्हणाला, गाडीच विका. शेजारच्या काकी म्हणाल्या, पांढऱ्या गाडीला दृष्ट लवकर लागते. यातल्या एकानेही आयुष्यात बॉनेट उघडलेलं नव्हतं. मी सगळ्यांकडे बघून नुसता हसायचो. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघून हसतो, तसा.

माझी बायको वैशाली मात्र एकच गोष्ट म्हणत होती.

“दिगूक दाखवा.”

“दिगूला? गाडी दाखवायची आहे, बैल नाही.”

“माझो भाव आसा तो.”

“म्हणूनच सौम्य शब्दांत बोललो.”

दिगू म्हणजे माझा मेव्हणा, दिगंबर. कट्ट्याला रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय? चार बांबू, एक निळी ताडपत्री, एक बाकडं आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. स्पार्कला तो ‘इस्पार’ म्हणतो. आता तुम्हीच सांगा, जो माणूस स्पार्कला ‘इस्पार’ म्हणतो, त्याच्याकडून मी विजेबद्दल ऐकून घ्यायचं?

पण रविवारी तो आपणहूनच आला. बहिणीसाठी काकड्या घेऊन आला होता. बाहेर पाऊस चालू होता, आणि मी गाडी आत घेत होतो. दिगू पडवीत उभा राहून डोळे मिटून ऐकत होता. जसं काही नाट्यगीत चाललंय!

“भावोजी, प्लगची वायर लीक मारता.”

“वायर? लीक मारायला ती काय पाण्याचा पाईप आहे?”

“इस्पार लीक मारता. वायरीक खंय तरी बारीक चीर गेली आसतली. वायपराखालसून पाणी गळता, ता वायरीर पडता. मगे इस्पार प्लगात जायनासो इंजिनाच्या पत्र्यार उडी मारता. चारातला एक सिलिंडर बंद, की झाले गचके.”

“आणि हे तू डोळे मिटून सांगतोस?”

“नाय, खात्री करूक व्हयी. इंजिन चालू ठेवन एकेका वायरीर पाणी मारून बघूक व्हया.”

मी हसलो. अगदी मनापासून हसलो. पाण्याने बिघडलेल्या गाडीवर हा आणखी पाणी मारणार! म्हणजे ताप आलेल्याला चुलीपुढे बसवून बघायचं, आणखी चढतो का.

मग मी त्याला पडवीतच शिकवलं. विजेचे सुवाहक, दुर्वाहक, रबराचा रोध, सगळं. वीस मिनिटं. मध्ये वैशालीने चहा आणला तोही मी थांबवून ठेवला.

“थोडक्यात काय,” मी म्हणालो, “रबर हा दुर्वाहक आहे. त्यातून वीज बाहेर येऊ शकत नाही.”

दिगूने गार झालेला चहा एका घोटात संपवला. “बरोबर आसा, भावोजी. पण नवा आसताना.”

आणि गेला! आभार नाहीत, काही नाही. मी वैशालीला म्हणालो, “बघितलंस? अज्ञान असं असतं. त्याला आपण चुकतोय हेही कळत नाही.”

माझं निदान केव्हाच तयार होतं. पेट्रोलमध्ये पाणी! पावसात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपतं, ते आपल्या गाडीत येतं. इतकं सरळ. आता तुम्ही विचाराल, मग तेच पेट्रोल ऊन पडल्यावर बरं कसं चालायचं? हा प्रश्न मला तेव्हा कोणी विचारला नाही हो! मीही स्वतःला विचारला नाही. शहाण्या माणसाने स्वतःला असले प्रश्न विचारायचे नसतात, निदान बिघडतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला. टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढलं. एक घोट तोंडात आला, तो थुंकला. विज्ञानासाठी माणसाला काय काय करावं लागतं! वैशालीची कोकम आगळाची रिकामी बाटली घेतली, तळाला बोटभर पाणी घातलं, खूण केली, वर पेट्रोल ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. दहा मिनिटांनी बघतो तर खालचं पाणी दीड बोट! म्हणजे अर्धं बोट पाणी पेट्रोलमधलं! पुरावा!

“वैशाली, पुरावा!”

“माझी बाटली!” ती म्हणाली.

बाटली घेऊन मी थेट नेहमीच्या पंपावर. संध्याकाळच्या पाचची वेळ, रिक्षा, बाईक, डंपर, सगळी रांग लागलेली. मी गाडीतून उतरलो, बाटली उंच धरली आणि भाषणच सुरू केलं. ग्राहकांची फसवणूक, पाणीमिश्रित इंधन, जागे व्हा, वगैरे वगैरे. दोन रिक्षावाल्यांनी तर मानासुद्धा हलवल्या. मला काय स्फुरण चढलं म्हणता!

आतून मॅनेजर बाई आल्या. चष्मा, रेनकोट, चेहऱ्यावर काही नाही.

“सर, आधी ती पेट्रोलची बाटली खाली ठेवा. आणि मोबाइल खिशात.”

मी ठेवली. त्यांनी माझ्यासमोर त्यांच्या टाकीत लांब पट्टी सोडली. पट्टीच्या टोकाला पाण्याने रंग बदलणारं मलम लावलेलं होतं. पट्टी वर आली, रंग जसाच्या तसा. पाण्याचा थेंब नाही.

“मग हे काय?” मी बाटलीकडे बोट दाखवलं.

“सर, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. तसं पंपावर लिहिलेलंही आहे. पाणी मिळालं की ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर वाढलेला दिसतो. या बाटलीत पाणी कोणी घातलं?”

“मी.”

“मग तक्रार कोणाविरुद्ध लिहून घेऊ?”

तेवढ्यात रांगेतून एक हेल्मेटमधला आवाज आला, “सर, ह्या आमका बारावीत होता. केमिस्ट्रीत!”

माझाच माजी विद्यार्थी. मार्कांत मी कधी हात आखडता घेतला नव्हता त्याच्या बाबतीत. मी ताठ मानेने म्हणालो, “रसायनशास्त्र माझा विषय नाही,” आणि गाडीत बसलो. पाऊस लागला होता. सगळ्या रांगेदेखत गाडी गचके खात, माना डोलावत बाहेर पडली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी आज ताठ मानेने बसलो असतो इथे.

पण त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्या सासऱ्यांचं, तात्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. कुडाळला, सकाळी नऊ वाजता हजर राहायचं. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. भात आणि काजू यापलीकडे जगात काही नाही म्हणणारे, आणि डावा डोळा आधीच अधू, उजव्याने समोरचा माणूस म्हणजे धुकं दिसणारे. ही तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. तीन वेळा त्यांनी स्वतःच भीतीने टाळलं होतं. “डोळो फोडतले मेले,” म्हणून. चौथ्यांदा हो म्हणाले ते वैशाली रडली म्हणून. ही तारीख हुकली तर ते पुन्हा तयार होणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दिगू म्हणाला, “मी टेम्पोतसून घेवन जातंय.”

“टेम्पोतून? तात्यांना?” मी म्हणालो. “मी जिवंत असताना? दारात गाडी असताना?”

“पण ती गाडी…” वैशाली म्हणाली.

“बुधवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त. मी स्वतः करतोय.”

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी तुम्हाला सांगू शकत नाही, तुमची लग्नं झालीत, तुम्हाला माहीत आहे.

बुधवारी तात्या आमच्याकडे येऊन राहिले. मी सुट्टी टाकली. माझं नवं निदान असं होतं: वायरी फुटलेल्या नाहीत, फक्त दमट झाल्यात. दिगूचं बरोबर असणं शक्यच नाही, पण वायरी सुकवायला काय हरकत आहे? चारही वायरी दोन्ही टोकांकडून उपटून काढल्या. पुसल्या. वैशालीच्या केस सुकवायच्या मशीनने अर्धा तास सुकवल्या. मग रिकाम्या दुधाच्या पिशव्या कापून प्रत्येक वायरीला गुंडाळल्या आणि वरून चिकटपट्टी. एवढ्या सुंदर दिसत होत्या की मी फोटो काढून स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकला!

परत लावताना एक छोटासा प्रश्न आला. कुठली कुठे? प्लगांच्या बाजूला लांबीवरून कळलं. पण दुसरी टोकं ज्या काळ्या डब्यात जातात तिथे सारख्या चार खोबण्या. आता काढताना खूण कोण करून ठेवतो? मी ज्या जिथे सहज पोचतात तिथे त्या लावल्या. माझा विचार असा, की वीज ती वीज. इकडून गेली काय, तिकडून गेली काय.

“चालू करून बघणार नाय?” वैशाली दारातून म्हणाली.

“सिद्धांत बरोबर असला की बघावं लागत नाही.”

हे वाक्य मी खरंच बोललो. साक्षीदार आहेत.

गुरुवार. सकाळी सात. आणि काय सांगू, स्वच्छ ऊन! आठवडाभर कोसळणारा पाऊस त्या दिवशी गायब! म्हणजे गाडीला हात लावला नसता तरी ती कुडाळपर्यंत गाणं म्हणत गेली असती. तात्या धुतलेलं धोतर नेसून मागच्या सीटवर बसले, शेजारी वैशाली. मी किल्ली फिरवली.

बराच वेळ काही नाही. मग एक थरथराट. आणि मग, फाट्‌!

असा आवाज की माडावरचे कावळे उडाले.

“विहिरीक सुरुंग लावल्यानी काय रे?” तात्यांनी विचारलं.

“थंड आहे, तात्या. गरम झाली की सुधारेल.”

सुधारली नाही. चार किलोमीटर आम्ही असे गेलो की बैलगाडीने हॉर्न वाजवून पुढे जावं. गचका, गचका, फाट्‌! गचका, फाट्‌! कुत्री मागे लागली. शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून मोजत होती. तात्यांनी देवाचं नाव सुरू केलं होतं, आणि प्रत्येक बाराला त्यांचा देव बदलत होता. वैशाली काहीच बोलत नव्हती. वैशाली बोलत नसली की समजावं, सगळं लक्षात ठेवलं जातंय.

कट्ट्याला बरोबर एस.टी. स्टँडसमोर शेवटचा बार झाला आणि इंजिन बंद. सकाळची आठची वेळ, स्टँड भरलेला. पन्नास माणसं माझ्याकडे बघतायत. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय.

“आठ वाजले,” वैशाली एवढंच म्हणाली. तात्या दार उघडायला हात चाचपत होते.

“घराक जावया गो. आज नको. देवाच्या मनात नाय.”

तेव्हा, खरं सांगतो, विनोद बाजूला. त्या म्हाताऱ्याचा डोळा माझ्या अकलेपायी जाणार होता. मी उतरलो, गाडी ढकलायला लागलो. स्टँडवरची चार माणसं आली, आणि गाडी ताडपत्रीखाली, दिगूच्या पुढ्यात नेऊन उभी केली.

दिगू हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. त्याने आधी बापाला बाकड्यावर बसवलं. “धा मिन्टां, तात्यानू. नाय झाला तर टेम्पो आसा.” मग बॉनेट उघडलं.

“भावोजी, ह्या इंजिन दूध देता काय?”

त्याने पिशव्या ओरबाडून काढल्या. काळ्या डब्याकडे एक नजर टाकली आणि दोन वायरींची टोकं अदलाबदल केली. बस. किल्ली फिरवली आणि इंजिन शिवणाच्या मशीनसारखं सुरू! एक मिनिटही लागलं नाही.

मी लगेच, बघा हं माझी जात, लगेच म्हणालो, “म्हणजे वायरी ठीक आहेत! फक्त जागा चुकली होती.”

“थांबा,” दिगू म्हणाला. शेजारच्या सलूनमधून त्याने केसांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली. इंजिन चालू. पहिल्या वायरीवर पाणी मारलं, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीवर मारलं आणि गाडी उचक्या द्यायला लागली. तीच माझी जुनी उचकी! ताडपत्रीच्या सावलीत वायरीखाली निळसर ठिणगी टिक्‌ टिक्‌ उडताना दिसत होती.

“ही बघा. लीक मारता.”

सलूनवाला आला होता, अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक आलं होतं, भाजीवाली आली होती, स्टँड जवळजवळ रिकामा झाला होता. एवढ्या लोकांपुढे बारावी दुसऱ्या खेपेला झालेला माणूस मला वीज शिकवतोय? मी पुढे झालो.

“कुठे? मला तर चीर दिसत नाही. रबर अखंड आहे. रबरातून वीज…”

आणि मी बोट लावलं.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कोणीतरी माझा हात खांद्यातून उपटून परत लावला असं वाटलं. काखेतली छत्री सलूनच्या पत्र्यावर गेली. माझा चष्मा भाजीवालीच्या टोपलीत सापडला. आणि मी कालच्या पावसाच्या डबक्यात, इस्त्रीच्या पॅन्टसकट, मांडी घालून बसलेला!

कोणी हसेना. सगळे घाबरले होते. त्या शांततेत बाकड्यावरून तात्यांनी, त्यांना काही नीट दिसत नव्हतं ना, अगदी काळजीने विचारलं:

“लीक गावलो?”

मग मात्र कट्टा हसला. एस.टी.चा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. वैशालीसुद्धा हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

दिगूने मला उठवलं. “भावोजी, लागला काय?” त्याने बाकड्याखालच्या खोक्यातून दुसरी वायर काढली, लावली, तिच्यावर भरपूर पाणी मारून बघितलं. गाडीची एकही उचकी नाही. वायपराखाली पाचोळा अडकून पाणी तुंबत होतं, तो हाताने काढला. साडेआठला स्वतः स्टिअरिंगवर बसला. मी मागे, तात्यांच्या शेजारी, ढुंगणाखाली वर्तमानपत्र घालून. नऊला तीन मिनिटं कमी असताना आम्ही कुडाळात दवाखान्याच्या दारात होतो.

ऑपरेशन छान झालं. रात्रभर पाऊस कोसळत होता, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही त्याच पावसात, त्याच गाडीतून गेलो. एक गचका नाही. चालवत दिगूच होता. दोन दिवसांत मी इतका कमी बोललो की वैशालीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

डॉक्टरांनी पट्टी काढली. तात्यांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. भिंतीवरची अक्षरं वाचली, खिडकीबाहेरचा पाऊस बघितला, लेकीचा चेहरा बघितला. म्हातारा अगदी लहान मुलासारखा हरखून गेला होता. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, समोर बघा. हे कोण उभे आहेत, दिसतात का स्वच्छ?”

समोर मी उभा होतो.

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सावकाश, अगदी बारकाईने, बाजारात फणस बघतात तसं. मग ते वैशालीकडे वळले आणि हळहळून म्हणाले:

“बाये, ह्या ऑपरेशन तुझ्या लग्नाच्या आदी करून घेवक व्हया होता.”